अपघातानंतरचा दावा : हक्क किती, अमानत किती?

२८ जानेवारी २०२० ची सायंकाळ कळवण, देवळा आणि मालेगावकडील लोक विसरलेले नाहीत. धुळ्याहून कळवणकडे येणारी एसटी बस आणि समोरून येणारी रिक्षा यांची मेशी फाट्यानजीक धडक झाली आणि दोन्ही वाहने रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळली. सव्वीस जीव गेले. अशा वेळी ‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन’ म्हणून मन अल्लाहच्या निर्णयापुढे झुकते, आणि झुकलेच पाहिजे. परंतु दफनविधी आटोपल्यावर जे प्रश्न घराच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहतात, ते पैशाचे असतात, कागदांचे असतात, आणि वाचकहो, ते दीनचेही असतात. भरपाई कोणाकडून, किती आणि कोणाच्या हाती? सुदैवाने जीव वाचला व केवळ गाडीच मोडली, तर दुरुस्तीचा कोणता खर्च मागणे रास्त आणि कोणता मागणे म्हणजे दुसऱ्याचे धन खाणे?

दाव्याचा अर्ज हा आपण एक सरकारी सोपस्कार समजतो. वस्तुतः ती शहादत आहे, साक्ष आहे. ‘अपघात केव्हा व कसा झाला, वाहन कोण चालवीत होते’ या रकान्यांखाली आपण सही करतो, तेव्हा आपण खरे सांगत असल्याची ग्वाही देत असतो. सूरह बकराच्या २८३ व्या आयतीत साक्ष लपविणाऱ्याचे अंतःकरण पापी ठरविले आहे. आता आपल्याकडील नित्याचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. कांद्याचा हंगाम, पिकअप बाजार समितीकडे निघालेली, आणि चाकावर सतरा वर्षांचा मुलगा. वळणावर एखादी दुचाकी धडकते. अर्ध्या तासात घरातील वडीलधारी मंडळी ठरवितात की, गाडी चाचा चालवीत होते असे लिहावे, त्यांच्याकडे परवाना आहे. सर्वांना हा शहाणपणा वाटतो. पण त्या एका वाक्याने चाचांनी खोटी साक्ष दिली, पोलीस व न्यायालय यांची फसवणूक झाली आणि मुलाने आयुष्यातील पहिला मोठा धडा खोटेपणाचा घेतला.

कायद्याची स्थितीही जाणून घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार तृतीय पक्षाचा विमा प्रत्येक वाहनास अनिवार्य आहे. हा विमा आपल्या गाडीसाठी नसून आपल्या गाडीमुळे ज्याचे नुकसान होईल त्याच्यासाठी आहे. चालकाकडे वैध परवाना नसला, तरीही जखमी व्यक्ती बहुधा वाऱ्यावर सोडली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी व मग ती वाहनमालकाकडून वसूल करावी, असा मार्ग न्यायालये अवलंबितात. म्हणजे सत्य सांगितल्याने पीडिताचा घास हिरावला जात नाही. भार पडतो तो मालकावर, आणि न्यायाने तो त्याचाच आहे.

आता दुरुस्तीकडे वळू. गाडीला मार लागला की प्रथम कंपनीला कळवावे. सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी गॅरेजमध्ये काही खोलू देऊ नये. रेडिएटर फुटून पाणी वा ऑइल गळत असताना ‘घरापर्यंत तर जाईल’ म्हणून इंजिन चालविले आणि ते जाम झाले, तर ते नुकसान आपल्या निष्काळजीपणाचे ठरते. कोणी जखमी असेल, तर त्यास दवाखान्यात पोहोचविणे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांस खबर देणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्यच आहे.

पुष्कळांची समजूत असते की, सर्वसमावेशक विमा घेतला म्हणजे पूर्ण बिल मिळते. तसे नाही. जुन्या भागाऐवजी नवा भाग बसतो, म्हणून घसारा कापला जातो. रबर, प्लॅस्टिक, टायर व बॅटरी यांवर निम्मा, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. पहिल्या सहा महिन्यांत काहीच नाही, चार ते पाच वर्षांच्या गाडीस ३५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीस ४० टक्के, त्याहून जुन्या गाडीस ५० टक्के. काचेवर घसारा नसतो. समजा, आपली छोटी कार साडेचार वर्षांची आहे. बोनेट व मडगार्ड मिळून २०,००० रुपये, बंपर इत्यादी प्लॅस्टिकचे १०,०००, पुढील काच ६,००० आणि मजुरी ८,००० असे ४४,००० चे बिल झाले. धातूचे १३,०००, प्लॅस्टिकचे ५,०००, काच व मजुरी पूर्ण, असे ३२,००० धरले जातील. त्यातून मालकाने सोसावयाचे सक्तीचे १,००० वजा जाऊन हाती ३१,००० येतील. १३,००० रुपये आपल्या खिशातून जातील. (अधिक हप्ता भरून घसाराविरहित पॉलिसी घेतली असेल, तर हिशेब निराळा.)

कसोटी नेमकी या १३,००० रुपयांपाशी सुरू होते. गॅरेजवाला आपुलकीने म्हणतो, ‘‘शेठ, काळजी कशाला? मागच्या दरवाजाचा जुना पोचा यातच बसवून टाकू, बिल थोडे चढवू, तुमच्या खिशाला तोशीस नाही.’’ मदतीच्या स्वरात बोलले गेल्यामुळे यातील चोरी ओळखू येत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर वरून कोरड्या दिसणाऱ्या राशीच्या आत ओल लागली. फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे त्यांनी तेथेच स्पष्ट केले. चढविलेले बिल हीच ती आतून ओली रास. जुना पोचा, न बदललेल्या भागाची किंमत, मागील वर्षी दावा घेतला असूनही नव्या कंपनीकडे ‘दावा केलेला नाही’ असे लिहून मिळविलेली सवलत, हे सर्व त्यातच येते.

‘कंपनीने पाहून मंजूर केले, मग दोष कसला?’ हा युक्तिवाद सर्रास ऐकू येतो. बुखारी व मुस्लिम या दोहोंत नोंदलेली एक हदीस याचे उत्तर देते. प्रेषितांनी (स.) सांगितले की, ते ऐकलेल्या बोलण्यावरून निवाडा करतात. कोणी वाक्चातुर्याने आपल्या भावाचा हक्क पदरात पाडून घेतला, तर त्याने अग्नीचा तुकडा घेतला. प्रत्यक्ष प्रेषितांच्या निवाड्याने जे हलाल होत नाही, ते सर्व्हेअरच्या शिक्क्याने कसे होईल?

मुळात विमाच जायज आहे काय, हा प्रश्न येथे टाळता येणार नाही. १९८५ साली जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा, त्यातील अनिश्चिततेमुळे, निषिद्ध ठरविला व परस्पर सहकार्यावरील विमा, म्हणजे तकाफुल, हा पर्याय पुढे ठेवला. आपल्या देशात कायद्याने सक्तीचा असलेला तृतीय पक्षाचा विमा आलिमांनी निरुपाय म्हणून मान्य केला आहे. स्वतःच्या गाडीच्या ऐच्छिक विम्याविषयी मात्र मतभेद आहेत. भरलेल्या हप्त्यांपेक्षा अधिक मिळालेली रक्कम स्वतः न वापरता गरजूंना द्यावी, असेही काही आलिम सांगतात. ज्यांच्या इल्मवर आपला विश्वास आहे त्यांना विचारून पॉलिसी घेण्यापूर्वीच निर्णय करावा. अपघात झाल्यावर सोयीचा फतवा शोधत फिरणे शोभत नाही.

दोन गोष्टी आपल्या भागापुरत्या आवर्जून सांगावयाच्या आहेत. मालवाहू पिकअपमध्ये मजूर किंवा वऱ्हाडी बसवून नेले जातात. अशा प्रवाशांची जोखीम मालवाहू गाडीच्या विम्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच स्पष्ट केले आहे. मालासोबत असणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी याची गोष्ट वेगळी. दुसरे, गाडी विकून केवळ स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले व आरसीवरील नाव तसेच राहिले, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते. तसा निकाल २०१८ चा आहे. खरेदीदारानेही चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. व्यवहार लिहून ठेवण्याविषयीची सूरह बकराची प्रदीर्घ आयत आपण तिलावत करतो आणि गाडीचा व्यवहार मात्र चहाच्या टपरीवर शब्दावर उरकतो!

जेथे माणूस दगावतो तेथे उलट चूक घडते. तेथे आपण अधिक मागत नाही, हक्काचेही सोडून देतो. चार प्रतिष्ठित बसतात, विधवेपुढे काही हजार ठेवतात आणि अंगठा घेतात. वस्तुस्थिती अशी की, कलम १६४ अन्वये, चूक कोणाची हे सिद्ध न करताही, मृत्यूसाठी पाच लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. त्याहून अधिक नुकसान दाखवावयाचे तर कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. आपण राहतो तेथील न्यायाधिकरणातही तो करता येतो. धडक देणारे वाहन पळून गेले व सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार मिळतात. त्याचा अर्ज प्रांत वा तहसील कार्यालयाकडे करावयाचा असतो.

ही रक्कम आल्यावर ती कोणाची? हजरत उमर (रजि.) आरंभी असे मानीत की, पतीच्या दियतीत पत्नीस वाटा नाही. तेव्हा दह्हाक बिन सुफियान (रजि.) यांनी सांगितले की, अश्यम यांच्या पत्नीस तिच्या पतीच्या दियतीतून वाटा द्यावा, असे प्रेषितांनी (स.) आपणांस लिहून कळविले होते. हजरत उमर यांनी तत्काळ आपले मत सोडले. न्यायाधिकरण विधवा, मुले व आईवडील यांचे वाटे नेमून देते आणि अज्ञान मुलांची रक्कम बहुधा बँकेत ठेवावयास लावते. तिच्या खात्यावरील पैसे ‘घराचे’ म्हणून दीराने वा सासऱ्याने उचलणे, हे अनाथाच्या मालास हात घालणे आहे.

आणि ज्याच्या हातून अपघात घडला तो? त्याच्या चुकीने जीव गेला असेल, तर सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत त्याच्यावर दोन गोष्टी आहेत : मृताच्या वारसांना दियत आणि त्याखेरीज कफ्फारा. गुलाम मुक्त करण्याचा मार्ग आज उरला नसल्याने कफ्फारा म्हणजे सलग दोन महिन्यांचे रोजे. विमा कंपनी वारसांना धनादेश देऊ शकते. ते रोजे चालकालाच ठेवावे लागतात.