बंद घराची नोंद

पौड,
आषाढ

चि. ठकूस,


परवा फोनवर रडवेली झाली होतीस. एका उपकेंद्रावर नर्सिंग शिकणाऱ्या तुम्ही बारा मुली, आणि लसीकरणाच्या दिवशी तुझ्या हाताला एकही बाळ लागलं नाही. लागणार कसं? सत्राला येणारी बाळं मोजकी, त्यात बीसीजी बहुतेकांना जन्मल्यावर दवाखान्यातच टोचलेली असते. उरलेलं एखादं सिस्टर स्वतः टोचते. ती लस कातडीतच राहायला हवी, सुई खोल गेली आणि गळू झालं तर वाडीची बोलणी तिलाच खावी लागतात. तिच्यावर रुसू नकोस. व्हायलवर फोडल्याची वेळ लिहायचं काम मागून घे. गोवर-रुबेलाची व्हायल चार तासांनी टाकावी लागते, म्हणून दोन बाळांसाठी फोडायची की नाही, ती काय ठरवते ते बघ. पेंटाव्हॅलंटनंतर आयांना ताप, गाठ आणि पुढची तारीख तू समजावून सांग. टोचायची पाळी पुढे येईलच.

मला काळजी आहे ती तुझ्या केसबुकची. पाच कुटुंबं, पाच फोल्डर, सुबक अक्षर, मॅडमची सही, की पोस्टिंग संपलं! बायका म्हणतात, "मागल्या साली पण पोरी आल्या, लिहून घेऊन गेल्या." खोटं काय आहे त्यात? आणि हा मुळशी तालुका आहे, बाई. टाटांच्या धरणात जमिनी गेल्या, १९२१ साली सेनापती बापटांबरोबर इथले लोक सत्याग्रहाला बसले. कागद घेऊन दारात येणाऱ्याकडे इथली म्हातारी जरा तिरकंच बघते. मला तरी ते रास्त वाटतं.

आता माझी चूक सांगते. शिकत असताना एका कातकरी वाडीवर मी रजिस्टरात सहा घरांपुढे 'घर बंद' लिहिलं. टक्केवारी काढताना ती घरं सरळ वगळली आणि मला शाबासकी मिळाली. दिवाळीनंतर ती माणसं वीटभट्टीवर गेली होती, तान्ही पोरं घेऊन. पावसाच्या तोंडावर परतली तेव्हा एका पोराचे लसीचे तिन्ही डोस राहिलेले, आणि दंड एवढा बारीक की आज दंड मोजायची रंगीत टेप लावली असती तर ११.५ सेंटिमीटरच्या खाली, लालमध्येच आली असती. कुलूप मी पाहिलं होतं. भट्टी कुठली, हे शेजारणीला विचारायला दोन मिनिटं लागली असती.

म्हणून सांगते, पाचातल्या एका तरी घरी दुसऱ्यांदा जा. पहिल्या खेपेला बाई लोहाच्या गोळ्या "घेते की" म्हणते. दुसऱ्या खेपेला पत्र्याच्या डब्यातून अख्खी पाकिटं निघतात. मळमळतं, शौचाला काळं होतं, सासूला वाटतं पोर काळं जन्मेल. यावर काय बोलायचं ते पुस्तकात सापडणार नाही. वाडीच्या आशाताईला विचार, तिने अशा वीस सासवा वळवल्यात. आणि बॅग टेकवताना खाली वर्तमानपत्र अंथरायचं, हात धुवायचे, हे मॅडम नसतानाही कर.

ताम्हिणीकडच्या वाड्यांना छत्री टिकत नाही, रेनकोट घे. कागद प्लास्टिकच्या पिशवीत. जळवांसाठी मीठ. रविवारी उतरून ये, नाचणीची भाकरी करते. येताना बंद घरांची यादी आण, दोघी मिळून आशाताईला फोन लावू.

तुझी,
मावशी