वाळूचा साचा : ओतकामाचा पहिला पाठ

सातपुड्याच्या पाड्यांवरची आपली मुले शाळा सुटली की कामासाठी धुळे, जळगाव, सुरत गाठतात. त्यांतली काही फाउंड्रीत लागतात. बहुतेकांच्या हाती पहिल्या दिवशी फावडे आणि घमेले येते. वाळू चाळायची, वाळू वाहायची, साचे फोडायचे. वाळूत वर्षे जातात, पण ही वाळू काय काम करते हे त्यांना कोणी सांगत नाही. मी बावीस वर्षे मोल्डर होतो. आता शनिवारी मिशनच्या वसतिगृहात मुलांना हे काम दाखवतो. तोच पाठ या अंकात लिहून देत आहे.

घडीव आणि ओतीव

लोहार लोखंड तापवतो आणि ठोकून आकार देतो. ते घडीव काम. विळा, कोयता, कुऱ्हाड घडीव असतात. ओतारी धातू वितळवतो आणि साच्यात ओततो. ते ओतीव काम. बिडाचा तवा ओतीव असतो. बीड ठोकले तर तडकते, म्हणून त्याला आकार ओतूनच द्यावा लागतो.

ही विद्या फार जुनी आहे. शलमोन राजाच्या मंदिराची पितळी पात्रे यार्देनेच्या सपाटीत, चिकणमातीच्या जमिनीत ओतल्याचे १ राजे ७ व्या अध्यायात आपण वाचतो. आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट तर अधिक जवळची आहे. १९७४ साली अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद येथे छबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाचे मूळ खणताना चार ओतीव वस्तू सापडल्या : बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचे मिळून वजन साठ किलोंहून जास्त. हजारो वर्षांपूर्वीचे हे काम आज जगभरचे अभ्यासक पाहतात. दायमाबादच्या सर्वांत जुन्या वस्तीच्या संस्कृतीला नाव मिळाले तेही आपल्या तापीकाठच्या सावळदा गावावरून.

दायमाबादच्या वस्तू मेणाच्या पद्धतीने केलेल्या मानतात. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर माती लिंपायची, तापवून मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. या रीतीत मेणही जाते आणि साचाही फोडावा लागतो. वाळूच्या रीतीत साचा मोडतो, पण लाकडी नमुना हाती राहतो. एका नमुन्यावरून शेकडो साचे होतात आणि तीच वाळू पुन्हा कामाला येते. म्हणून कारखान्यांनी वाळू धरली.

वाळू कशी हवी

नदीची नुसती वाळू आकार धरत नाही. बारीक सिलिका वाळूत साधारण आठ ते दहा टक्के बेंटोनाइट ही चिकणमाती आणि तीन ते पाच टक्के पाणी मिसळतात. बीड ओतायचे असेल तर थोडी कोळशाची पूडही घालतात, म्हणजे वाळू मालाला चिकटत नाही. परीक्षा सोपी आहे. मूठभर वाळू घट्ट दाबा आणि मूठ उघडा. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत, गोळा मधोमध मोडला तर कडा न ढासळता मोडला पाहिजे, आणि हाताला ओल लागता कामा नये.

नमुना

नमुन्याला कामगार पॅटर्न म्हणतात. तो बहुधा सागवानाचा असतो. सागाची पारख आपल्या मुलांना कोणी शिकवायला नको. दोन गोष्टी मात्र शिकाव्या लागतात. धातू थंड होताना आक्रसतो : बीड सुमारे एक टक्का, पितळ सुमारे दीड टक्का. म्हणजे तीनशे मिलिमीटरची बिडाची पट्टी हवी असेल तर नमुना तीनशे तीन मिलिमीटरचा करावा लागतो. दुसरे, नमुन्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. नाहीतर तो वर ओढताना वाळूच्या कडा घेऊन येतो.

साचा बांधण्याची रीत

१. सपाट फळीवर अर्धा नमुना पालथा ठेवा आणि भोवती खालची पेटी ठेवा. नमुन्यावर कोरडी पूड भुरभुरा.

२. आधी चाळलेली बारीक वाळू घाला, मग जाड वाळू भरा. थराथराने ठोका. फार सैल ठोकली तर साचा ढासळतो, फार घट्ट ठोकली तर वायू अडतो. वर पट्टी फिरवून सपाट करा.

३. पेटी उलटा. नमुन्याचा दुसरा अर्धा भाग जोडा. वरची पेटी बसवा. धातू ओतण्याच्या वाटेसाठी एक खुंटी आणि रायझरसाठी दुसरी खुंटी उभी करा. पुन्हा पूड, पुन्हा वाळू, पुन्हा ठोकणे.

४. बारीक तारेने वायू जाण्यासाठी छिद्रे पाडा. खुंट्या काढा.

५. वरची पेटी सरळ उचला. नमुना हलकेच ठोकून मोकळा करा आणि काढा. ओतण्याच्या वाटेपासून पोकळीपर्यंत धातूला जायला पाट कोरा.

६. वस्तू आतून पोकळ हवी असेल तर वाळूचाच भाजलेला गाभा, म्हणजे कोअर, आत ठेवा.

७. पेटी बंद करा आणि वर वजन ठेवा. वितळलेला धातू वरच्या पेटीला उचलतो. वजन नसेल तर तो फटीतून बाहेर येतो.

रायझर म्हणजे वरची जादा टाकी. माल आत गोठून आक्रसत असताना तिच्यातला धातू खाली उतरतो आणि पोकळी भरतो. रायझर चुकला की मालात खड्डा राहतो. धातू थंड ओतला तर दोन प्रवाह मध्येच भेटून सांधा राहतो. वाळू जास्त ओली असेल तर मालात फुगे येतात.

ओलीची चूक फुग्यांवर थांबत नाही. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. बीड तेराशे अंशांच्या पुढे तापवून ओततात. एका पावसाळ्यात गळक्या छपराखाली ठेवलेल्या पेटीत मी घाईने धातू ओतला. आवाज झाला आणि धातू उलटा उडाला. माझ्या डाव्या पायावरचा डाग अजून आहे. पायात बूट होते म्हणून पाय वाचला. म्हणून वसतिगृहात आम्ही धातू ओतत नाही, मेण ओततो. रीत तीच, चुकाही त्याच दिसतात, आणि कोणी भाजून निघत नाही.

कुठे उपयोग

शेतातल्या पाण्याच्या पंपाचे आवरण, उसाच्या चरकाचे रूळ, पिठाच्या गिरणीचे अंग, गटाराचे झाकण या गोष्टी सहसा वाळूत ओतलेल्या बिडाच्या असतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली तीही लोखंडी नांगरांच्या कारखान्यासाठी. लोखंडाने जमीन नासेल अशी भीती तेव्हा शेतकऱ्यांना वाटे, असे सांगतात. हस्तकलेतही वाळू आहे. उत्तर प्रदेशातील एटा जिल्ह्यातले जलेसर गाव वाळूत ओतलेल्या पितळी घंटा आणि घुंगरांसाठी प्रसिद्ध आहे. होळीला कमरेला बांधायची घुंगरे आपण विकत आणतो. ती आपल्या पाड्यावर का होऊ नयेत, हा प्रश्न मी मुलांना नेहमी विचारतो.

वाळूची दुसरी बाजू

ओली वाळू उडत नाही. पण धातू ओतल्यावर ती सुकते, आणि साचा फोडताना किंवा माल घासताना तिची धूळ उठते. तिच्यातले सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. ते फुफ्फुसात बसतात आणि तिथे व्रण करतात. हा सिलिकोसिस. त्याला बरे करणारे औषध नाही, आणि त्याच्यामागून क्षयही लवकर जडतो. माझ्या शेजारी साचे फोडणाऱ्या गड्याला कित्येक वर्षे क्षयाच्या गोळ्या दिल्या गेल्या. तो काय काम करतो हे कोणी विचारले नाही, आणि त्यानेही सांगितले नाही. खरे दुखणे कळले तेव्हा त्याला जिना चढवत नव्हता. तो चाळिशीतच गेला.

नर्मदेपलीकडे आलिराजपूर, झाबुआकडचे भिल्ल बांधव गुजरातेत दगडाची पूड करण्याच्या गिरण्यांत गेले आणि याच धुळीने मेले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश दिला. पैसे मिळाले तरी माणूस परत येत नाही.

म्हणून फाउंड्रीत जाणाऱ्या प्रत्येकाने एवढे पाळावे. कोरडी वाळू झाडू नये, आधी पाणी शिंपडावे. हवेच्या नळीने कपडे झटकू नयेत. तोंडाला गुंडाळलेला रुमाल ही धूळ अडवत नाही, एन-९५ मास्क मागून घ्यावा. खोकला किंवा दम लागला तर डॉक्टरांना आपण वाळूत काम करतो हे आधी सांगावे. पगाराची चिठ्ठी आणि हजेरीकार्ड जपावे. आपण तिथे काम केले हे पुढे दाखवायला तेच उपयोगी पडते.

ज्याला वाळूची ओल कळते, तो घमेल्यापासून पेटीपर्यंत येतो. ज्याला तिची धूळ कळते, तो घरी धडधाकट परततो. दोन्ही एकाच पाठात शिकवा, ही वसतिगृहाच्या शिक्षकांना विनंती. प्रभू आपल्या मुलांच्या हातांना यश देवो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या घरातल्या आणि शेतातल्या ओतीव वस्तू कोणत्या? घडीव कोणत्या?

२. साडेचारशे मिलिमीटर लांबीची बिडाची पट्टी हवी असेल, तर नमुना किती लांब करावा?

३. वरच्या पेटीवर वजन का ठेवतात?

४. आपल्या पाड्यावरून फाउंड्रीत किंवा दगडाच्या कामावर गेलेले कोण आहेत? सुट्टीत ते घरी आले की हा पाठ त्यांना वाचून दाखवा.