मेखा आणि तणावे वाहणारे

आजचे वाचन : गणना ४:१-३३, ७:१-९, १०:१७-२१



गणनाचा चौथा अध्याय आपण बहुतेक जण भराभर वाचून पुढे जातो. कोणत्या घराण्याने काय उचलायचं, कशावर कोणतं आच्छादन घालायचं, अशी ती लांबलचक यादी आहे. आज तीच यादी सावकाश वाचू या. मंडळीतली सेवा कशी वाटून घ्यावी, याबद्दल देवाचं मन तिथे फार स्पष्ट दिसतं.

इस्राएल लोक सीनायच्या रानात होते. निवासमंडप उभा झाला होता, पण तो एका जागी राहणारा नव्हता. मेघ वर गेला की सगळं सोडायचं, उचलायचं, चालायचं आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा उभारायचं. हे काम देवाने लेवीच्या तीन घराण्यांना वाटून दिलं. कहाथींकडे कोश, मेज, दीपवृक्ष आणि वेद्या. गेर्षोनींकडे पडदे आणि आच्छादनं. मरारींकडे फळ्या, अडसर, खांब, उथळ्या, मेखा आणि तणावे. ३० ते ५० वर्षं वयाचे पुरुष मोजले गेले : कहाथी २,७५०, गेर्षोनी २,६३० आणि मरारी ३,२००. एकूण ८,५८० माणसं, आणि प्रत्येकाला नेमलेलं काम.

या वाटणीत तीन गोष्टी मला दिसतात.

१) काम नावानिशी दिलं गेलं

४:३२ पुन्हा वाचा. मरारींनी वाहायचं सामान नावानिशी नेमून द्यायला देवाने सांगितलं. मरारींचं सामान म्हणजे कोश नव्हे, मेखा आणि दोर! तंबू उभा झाल्यावर ज्यांच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही, त्या वस्तूंच्या बाबतीत ही आज्ञा आहे. पण मेखा मागच्या मुक्कामावर राहिल्या तर अंगणाच्या कनाती ताठ उभ्या राहणार नाहीत.

आपल्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो, "रविवारी खुर्च्या लावायला कोणीतरी लवकर या." आता 'कोणीतरी' नावाचा सभासद कुठल्याच मंडळीत नसतो. मग येतात ते नेहमीचेच दोघं-तिघं. सॉफ्टवेअरच्या कामातही मी हेच बघतो : ज्या कामापुढे एका माणसाचं नाव नाही, ते काम 'सगळ्यांचं' असतं आणि कोणीच करत नाही. नाव घेऊन काम देणं हा कोरडा कारभार वाटेल, पण त्यात प्रेम आहे. "हे काम तुझं आहे, तू नसलास तर आम्हांला कळेल," असं आपण त्या माणसाला सांगत असतो.

२) साधनं ओझ्याप्रमाणे दिली गेली

सातव्या अध्यायात इस्राएलाचे सरदार ६ गाड्या आणि १२ बैल अर्पण करतात. तीन घराणी आणि सहा गाड्या. सोपा हिशोब होता, प्रत्येकी दोन. पण मोशेने तसं केलं नाही. गेर्षोनींना २ गाड्या आणि ४ बैल, मरारींना ४ गाड्या आणि ८ बैल. कहाथींना एकही नाही.

का? मरारींचं ओझं बघा. निर्गमच्या २६ व्या आणि ३८ व्या अध्यायांत हिशोब आहे : दहा हात उंचीच्या ४८ फळ्या आणि चांदीच्या १०० उथळ्या, एकेक उथळी एक किक्कार वजनाची, म्हणजे आजच्या मापात ३० किलोंच्या आसपास. नुसत्या चांदीच्या उथळ्यांचंच वजन सुमारे तीन टन! कहाथींना गाडी मिळाली नाही, कारण पवित्र वस्तू खांद्यांवरच न्यायच्या होत्या. पुढे दाविदाच्या काळात कोश नव्या गाडीवर ठेवला गेला आणि उज्जाचा मृत्यू झाला. दुसऱ्या वेळी लेव्यांनी तो दांडे लावून खांद्यांवर आणला (१ इतिहास १३ व १५).

सगळ्यांना सारखं देणं वेगळं आणि ज्याला जे लागतं ते देणं वेगळं. संडे स्कूलच्या तीस मुलांना एकटी ताई शिकवत असेल, तर तिला कौतुकाच्या टाळ्यांआधी एक मदतनीस हवी. दानपेटी मोजणाऱ्या भावाला सोबत दुसरा माणूस हवा. आणि ज्याला चार गाड्या मिळाल्या तो मोठा ठरत नाही, ज्याला एकही मिळाली नाही त्याला देव विसरलेला नसतो.

३) कामाला क्रम होता

१०:१७-२१ मध्ये एक सुंदर तपशील आहे. मुक्काम हलला की यहूदाच्या दलामागून गेर्षोनी आणि मरारी तंबू घेऊन निघत. कहाथी मात्र रऊबेनाच्या दलानंतर निघत. कशासाठी? ते कोश घेऊन पोहोचायच्या आत मंडप उभा झालेला असावा म्हणून. कोश खांद्यांवर घेऊन ताटकळत उभं राहायची वेळ कोणावर येत नव्हती, कारण आधी पोहोचलेल्या कोणीतरी मेखा ठोकून ठेवलेल्या असत.

येत्या रविवारी उपासना सुरू होईल तेव्हा आठवण ठेवा : दार कोणीतरी उघडलं, माईक कोणीतरी तपासला, प्रभुभोजनाचे प्याले कोणीतरी भरून ठेवले. पुलपीटवर उभा राहणारा माणूस त्यांच्यामुळे उभा असतो.

आता एक इशारा. कोरह हा कहाथी होता, म्हणजे सर्वांत पवित्र वस्तू वाहणाऱ्या घराण्यातला. तरी त्याची नजर अहरोनाच्या सेवेवर गेली (गणना १६). त्याचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं : सगळी मंडळी पवित्र आहे, मग तुम्हीच का मोठे होता? सगळे पवित्र आहेत हे खरंच आहे. पण त्यावरून सगळ्यांचं काम एकच आहे असं निघत नाही. पौलही करिंथकरांना शरीराच्या उदाहरणाने हेच समजावतो (१ करिंथ १२). कोरहाचा शेवट भयंकर झाला. पण त्याचे मुलगे मेले नाहीत (२६:११), आणि त्याच्या वंशजांना पुढे द्वारपाळांची सेवा मिळाली (१ इतिहास ९:१९). कोशाजवळची सेवा ज्याला कमी वाटली, त्याचे वंशज दारात उभे राहून विश्वासू ठरले. कोरहपुत्रांचं ८४ वं स्तोत्र आज जरूर वाचा, दाराशी उभं राहण्याचा आनंद तिथे सापडेल.

तुमच्यापैकी काही जण सेवा करून थकलेले आहेत. गाणं, प्रोजेक्टर, युवक संघ, पिकनिकचा हिशोब, सगळं एकाच्याच गळ्यात! मनात येतं, सोडून द्यावं सगळं. त्यांनी गणनाचा ११ वा अध्यायही वाचावा. हे ओझं मला एकट्याला वाहवत नाही, असं मोशे देवाला स्पष्ट सांगतो. देव त्याला रागवत नाही, ७० वडिलांना त्याच्यासोबत उभं करतो. मदत मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. गाडी मागा. आणि लेव्यांनाही पन्नाशीनंतर जड कामातून मोकळं केलं जाई, मग ते आपल्या भावांना हातभार लावत (८:२५-२६). म्हणून आजच कोणालातरी आपलं काम शिकवायला घ्या.

आणि ज्यांच्या हातात अजून काहीच नाही, त्यांनी या रविवारी पाळकांना एवढंच विचारावं, "माझ्या नावावर काय आहे?" मेख मिळाली तर मेख घ्या.

मननासाठी : माझ्या मंडळीत कोणाचं ओझं त्याच्या गाडीपेक्षा जड झालंय? या आठवड्यात मी त्यातलं काय उचलू शकतो?

प्रार्थना : हे प्रभू, तू मला नावाने ओळखतोस आणि माझं कामही नेमून देतोस. दुसऱ्याच्या ओझ्याचा हेवा माझ्या मनातून काढ. दुसऱ्याचा थकवा मला दिसू दे. जे माझ्या खांद्यावर ठेवलंस ते पुढच्या मुक्कामापर्यंत विश्वासूपणे नेण्यास साहाय्य कर. येशूच्या नावात मागतो, आमेन.