मोटारीतील शीतक वायूची गळती

माळव्यात वैशाखात पारा 40 अंश सेल्सियसच्या वर जातो. उज्जैनचा 2016 सालचा सिंहस्थ 22 एप्रिल ते 21 मे असा भर उन्हाळ्यातच पार पडला आणि 2028 चा सिंहस्थही त्याच सुमारास येत आहे. महाकालेश्वराच्या दर्शनास मोटारीने निघणाऱ्या यात्रेकरूंना म्हणूनच एक गोष्ट ठाऊक असणे इष्ट आहे. वातानुकूलन यंत्रातील शीतक वायू पेट्रोलप्रमाणे जळून संपत नाही. लहान मोटारीत तो जेमतेम अर्धा किलो असतो व बंद नळ्यांतून तोच तोच फिरत राहतो. रबरी नळ्यांतून वर्षाकाठी किंचित झिरपतो, हे खरे. परंतु दर उन्हाळ्यात ‘गॅस भरावा’ लागत असेल, तर कोठेतरी गळती आहे असेच समजावे. ती न शोधता वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

शोधाचे पहिले साधन म्हणजे डोळे. वायूबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते. त्यामुळे गळक्या सांध्यावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. खड्यांचा मार खाणारा पुढील कंडेन्सर, कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील, सांध्यांतील रबरी कड्या व वायू भरण्याच्या झडपा ही नेहमीची ठिकाणे. साबणाच्या फेसाने मोठी गळती कळते, बारीक कळत नाही. तिच्यासाठी इलेक्ट्रॉनिक शोधक लागतो. वायू हवेहून जड असल्याने हा शोधक सांध्याच्या खालून, सावकाश फिरवावा. इंजिन बंद असावे व वारा नसावा. डॅशबोर्डमागील इव्हॅपोरेटर दिसत नाही, तेव्हा पाणी निथळणाऱ्या नळीच्या तोंडाशी शोधक धरतात. तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहणे, हा आणखी एक उपाय.

निर्वात पंपाने हवा ओढून काटा स्थिर राहतो का, हेही पाहतात. पण केवळ त्यावर विसंबू नये. आतून ओढले असता घट्ट बसणारा सांधा दाबाखाली गळू शकतो. यंत्र रिकामे असल्यास दाब देण्यासाठी कोरडा नायट्रोजनच वापरावा. ऑक्सिजन कदापि नको, तेलाशी संयोग होऊन स्फोट होतो. ज्योत हिरवी होते का हे पाहण्याची जुनी रीतही सोडावी. ती आर-12 या क्लोरीनयुक्त वायूसाठी होती, आर-134ए मध्ये क्लोरीनच नाही. शिवाय ज्योतीत विषारी वायू निर्माण होतात.

आर-12 ओझोनच्या थराचा घात करीत असे. 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो मागे पडला. भारत 1992 साली त्या करारात सामील झाला. आर-134ए ओझोनला अपाय करीत नाही, तथापि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट उष्णता धरतो. म्हणजे मोटारीतील अर्धा किलो वायू हवेत सोडणे हे सुमारे 700 किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. दुरुस्तीपूर्वी तो यंत्राने काढून घेणाऱ्या कारागिराकडेच जावे. दुरुस्तीनंतर नळ्या निर्वात करून, बॉनेटखालील पट्टीवर छापलेला प्रकार व वजन पाहून, वायू काट्यावर तोलून भरून घ्यावा.