आता तरी सापडेल का? दुर्मिळाच्या शोधाचे गणित

पोकेमॉन या व्हिडिओ खेळाचे नाव तुम्हाला नवीन नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो खेळलाही असेल. या खेळातील निरनिराळे काल्पनिक जीव रानावनात, पाण्यात किंवा गुहेत अवचित समोर येतात आणि ते पकडून आपला संग्रह वाढवायचा असतो. त्यांतला एखादा जीव क्वचित नेहमीपेक्षा वेगळ्या रंगाचा निघतो. खेळणारे त्याला ‘शायनी’ म्हणतात. त्याची ताकद इतरांहून जास्त नसते. तो दुर्मिळ असतो आणि तेवढ्यासाठीच मुले तासन्‌तास त्याच्या मागे लागतात.

डोंबिवलीतील आमच्या महाविद्यालयात अकरावीचे विद्यार्थी मला एक प्रश्न वारंवार विचारतात. “सर, तीन हजार वेळा पाहिले, शायनी निघाला नाही. आता तर तो निघायलाच हवा ना?” प्रश्न खेळातला असला तरी त्याचे उत्तर गणितात आहे. तेच उत्तर अणुकेंद्राला लागू पडते आणि आपल्या ठाणे जिल्ह्यातील जंगलात राहणाऱ्या एका घुबडालाही.

किडे गोळा करणारा मुलगा

पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी हे जपानी गृहस्थ. टोकियोजवळच्या माचिदा येथे त्यांचे बालपण गेले. लहानपणी त्यांना किडे गोळा करण्याचा विलक्षण नाद होता. पुढे शेते आणि तळी बुजवून तेथे इमारती उभ्या राहिल्या आणि किडे दिसेनासे झाले. शोधण्यातला तो आनंद शहरातल्या मुलांना मिळावा या कल्पनेतून हा खेळ जन्मला. त्याचे पहिले दोन भाग २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये विक्रीस आले. मोबाईल घेऊन रस्त्यात हिंडत खेळण्याचा पोकेमॉन गो हा प्रकार भारतात अधिकृतपणे आला तो डिसेंबर २०१६ मध्ये. भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहताना डोंबिवलीकरांनी पाहिल्या आहेत. त्यामुळे ताजिरींची गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

८१९२ ही संख्या कोठून आली?

शायनी जीव प्रथम आले १९९९ साली निघालेल्या खेळात. तेथे प्रत्येक जीवाला हल्ला, बचाव, वेग आणि विशेष शक्ती असे चार गुणांक असत. प्रत्येक गुणांक ० ते १५ यांपैकी कोणताही, म्हणजे एकूण १६ शक्यतांपैकी एक. बचाव, वेग आणि विशेष शक्ती हे तिन्ही गुणांक नेमके १० आले आणि हल्ल्याचा गुणांक १६ पैकी ठरावीक ८ संख्यांतला असला, तरच तो जीव शायनी ठरे.

स्वतंत्र घटना एकाच वेळी घडण्याची संभाव्यता काढताना त्यांच्या संभाव्यतांचा गुणाकार करायचा, हा नियम तुम्ही शिकला आहात. तो येथे वापरू.

१/१६ × १/१६ × १/१६ × ८/१६ = १/८१९२

पुढच्या खेळांत हिशेबाची रीत बदलली, तरी उत्तर बरीच वर्षे हेच राहिले. २०१३ च्या खेळापासून ते दुप्पट करून १/४०९६ केले गेले. यापुढे आपण हाच आकडा घेऊ.

४०९६ प्रयत्नांत नक्की मिळेल का?

पुष्कळांची समजूत अशी की संभाव्यता १/४०९६ असल्यास ४०९६ प्रयत्नांत शायनी एकदा तरी मिळालाच पाहिजे. ही समजूत तपासून पाहू. एका प्रयत्नात तो न मिळण्याची संभाव्यता ४०९५/४०९६ आहे. दोन्ही प्रयत्नांत न मिळण्याची संभाव्यता या संख्येचा वर्ग. म्हणून ४०९६ प्रयत्नांत एकदाही न मिळण्याची संभाव्यता या संख्येचा ४०९६ वा घात होईल. गणकयंत्रावर करून पाहा. उत्तर येते सुमारे ०.३६८. म्हणजे ४०९६ प्रयत्न केलेल्या दर शंभर खेळाडूंपैकी साधारण ३७ जण रिकाम्या हातानेच परततात!

याच रीतीने काढलेले पुढील आकडे पाहा.

१००० प्रयत्न: निदान एकदा मिळण्याची शक्यता सुमारे २२ टक्के
२८३९ प्रयत्न: ५० टक्के
४०९६ प्रयत्न: ६३ टक्के
८१९२ प्रयत्न: ८६ टक्के
१२२८८ प्रयत्न: ९५ टक्के

शंभर टक्के मात्र कधीच येत नाहीत. एका प्रयत्नाला अर्धा मिनिट लागतो असे धरले, तर २८३९ प्रयत्नांना जवळजवळ २४ तास लागतील आणि १२२८८ प्रयत्नांना १०२ तास. रोज एक तास खेळणाऱ्याला हे शंभराहून अधिक दिवस झाले. शाळेचे एक सत्र संपत आले म्हणा ना!

फाशाला आठवण नसते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तीन हजार प्रयत्न वाया गेले आहेत. पुढच्या प्रयत्नात शायनी मिळण्याची संभाव्यता किती? उत्तर १/४०९६. पहिल्या प्रयत्नाला होती तेवढीच. मागचे तीन हजार प्रयत्न कोठेही जमा झालेले नसतात. पन्नास टक्के शक्यता गाठण्यासाठी आणखी २८३९ प्रयत्न हवेत, म्हणजे पहिल्या दिवशी हवे होते तेवढेच. ‘इतके केले, आता थोडेच राहिले’ हे वाक्य पुस्तक वाचताना किंवा डोंगर चढताना खरे असते, कारण तेथे अंतर खरोखर कमी होत जाते. येथे ते कमी होत नाही.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा नियम ओळखीचा वाटेल. किरणोत्सारी आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल सुमारे ८ दिवस आहे. आज त्याची जितकी अणुकेंद्रे आहेत त्यांतली निम्मी आठ दिवसांत फुटतात, उरलेल्यांतली निम्मी पुढच्या आठ दिवसांत. ऐंशी दिवसांनी १०२४ पैकी सरासरी एकच शिल्लक राहते. त्या उरलेल्या अणुकेंद्राला ‘म्हातारपण’ आलेले नसते. पुढच्या आठ दिवसांत ते फुटण्याची शक्यता पूर्वीसारखीच निम्मी असते. अणुकेंद्राला वय नाही, फाशाला आठवण नाही. या अर्थी २८३९ हा आपल्या शायनीच्या शोधाचा ‘अर्धायुकाल’ समजायला हरकत नाही.

येथे एक अपवाद सांगितला पाहिजे. काही खेळांत एकाच जातीचे जीव सलग गाठत गेल्यास शायनीची संभाव्यता वाढवत नेण्याची सोय मुद्दाम ठेवलेली असते. ती वाढ खेळाच्या नियमात लिहिलेली असते म्हणून होते. आपण फार वाट पाहिली याची दया येऊन होत नाही. तेव्हा प्रथम नियम वाचावा, मग आशा धरावी.

वर्गात करून पाहा

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य घ्यावा. प्रत्येक विद्यार्थ्याने पाच नाणी एकदम उडवावीत. पाचही छाप पडणे हा आपला ‘शायनी’. त्याची संभाव्यता १/३२. प्रत्येकाने ३२ वेळा नाणी उडवून निकाल वहीत मांडावा. पन्नास मुलांच्या वर्गात सुमारे १८ जणांना एकदाही पाच छाप मिळणार नाहीत. या १८ जणांना आणखी ३२ वेळा नाणी उडवायला सांगा. आता त्यांचे नशीब उघडायला हवे असे सर्वांना वाटेल. पण त्यांच्यातलेही सहा-सात जण पुन्हा रिकामेच राहतील, कारण प्रमाण तेच आहे. प्रत्यक्षात आकडा थोडा मागेपुढे होईल. दोन-तीन वर्गांचे निकाल एकत्र केल्यास तो अपेक्षेच्या अधिक जवळ येतो, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

आणखी एक गोष्ट या प्रयोगात दिसते. ज्याला पहिल्याच खेपेला पाच छाप मिळाले तो वर्गभर सांगत सुटतो. न मिळालेले गप्प बसतात. खेळातही असेच होते. एक हजार मुलांनी प्रत्येकी फक्त शंभर प्रयत्न केले, तर त्यांतल्या सुमारे २४ जणांना शायनी मिळेल. आपल्या कानावर येतात त्या या चोवीस जणांच्या कथा. उरलेल्या ९७६ जणांची गोष्ट कोणी सांगत नाही आणि ऐकणाऱ्याला वाटते की शायनी फार सहज मिळतो.

तानसाच्या जंगलातील रानपिंगळा

खेळात संभाव्यता खेळ तयार करणाऱ्यांनी ठरवलेली असते. निसर्गात ती आपल्याला आधी माहीत नसते. तेथे शोध किती अवघड होतो याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

रानपिंगळा हे लहानसे घुबड आहे. १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. (काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच.) १८८४ नंतर मात्र या पक्ष्याचा विश्वसनीय पुरावा मिळेना. जगातील संग्रहालयांत त्याचे मोजके नमुने उरले होते आणि तो नामशेष झाला असावा असे पुष्कळांना वाटू लागले. त्यातच रिचर्ड मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपण १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे हा पक्षी मिळवला असे सांगून एक नमुना पुढे केला होता. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यासह तो नमुना बारकाईने तपासला. तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना होता आणि त्याच्यावरची चिठ्ठी खोटी होती!

ही खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागी गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये, म्हणजे ११३ वर्षांनी, शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. पुढे तो मेळघाटातही आढळला. २०१४ साली तर तो तानसा अभयारण्यात सापडला. डोंबिवलीहून आसनगाव-आटगावकडे लोकलने गेले की जो जंगलाचा पट्टा लागतो तोच हा. इतक्या जवळ हा पक्षी राहत होता आणि कोणाला पत्ता नव्हता.

आता गणित करू. समजा, रानपिंगळा एखाद्या जंगलात खरोखर आहे आणि एका फेरीत तो दिसण्याची संभाव्यता १/५ आहे. दहा फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची संभाव्यता ०.८ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.११. दहा वेळा जाऊनही दिसला नाही, तरी ‘येथे तो नाही’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. ही संभाव्यता पाच टक्क्यांच्या खाली आणायला १४ फेऱ्या लागतात. ‘दिसला नाही’ आणि ‘नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. हा फरक केवळ शब्दांचा नाही. एखाद्या जंगलात दुर्मिळ प्राणी नाही असा अहवाल घाईने दिला, तर त्या जंगलाचे रक्षण करण्याचे एक कारणच नाहीसे होते.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. जागाच चुकली असेल तर दिसण्याची संभाव्यता शून्य. शून्याला हजार फेऱ्यांनी गुणले तरी शून्यच. खोट्या नोंदीवर विसंबून केलेले श्रम म्हणून वाया जातात. रासमुसेन यांच्या शोधाला यश आले ते आधी पुरावा तपासल्यामुळे. नुसत्या फेऱ्या वाढवून ते आले नसते.

मग करावे काय?

खेळ वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. शोध घेण्याची हौस ही विज्ञानाची पहिली पायरी आहे. पण शोधाला निघण्यापूर्वी तीन प्रश्न कागदावर लिहावेत. एका प्रयत्नाची संभाव्यता किती? एका प्रयत्नाला वेळ किंवा पैसा किती लागतो? आणि मी कोठे थांबणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर खेळ सुरू होण्याआधीच लिहिलेले असावे. तीन हजार प्रयत्नांनंतर मन ‘आता जवळ आलो’ असे सांगू लागते आणि तेव्हा ते खरे बोलत नसते. लॉटरीचे तिकीट घेणाऱ्याची आणि पैसे लावून खेळणाऱ्याची फसगत याच ठिकाणी होते. तेथे केवळ वेळ जात नाही, घर बुडते.

सोडवून पाहा

१. एका प्रयत्नात शायनी मिळण्याची संभाव्यता १/५१२ आहे. ५० टक्के शक्यतेसाठी किती प्रयत्न लागतील?
२. दोन फासे एकदम टाकले. ३६ खेपांत एकदाही दोन्ही फाशांवर सहा न येण्याची संभाव्यता किती?
३. एका फेरीत पक्षी दिसण्याची संभाव्यता १/४ असेल, तर न दिसण्याची संभाव्यता ५ टक्क्यांखाली येण्यासाठी किमान किती फेऱ्या हव्यात?

उत्तरे: (१) सुमारे ३५५ (२) सुमारे ०.३६ (३) ११