आधी अंतर, मग दुर्बीण

मुलांना नेमबाजी शिकवायची म्हटलं की आपल्या लातूर-नांदेडकडे आधी दुर्बिणीची चौकशी होते, आणि विकणारे हे बरोबर ओळखून असतात. ज्या दुकानदाराने पोरीच्या १० मीटरच्या सरावासाठी ३-९×४० ची दुर्बीण आमच्या गळ्यात मारली, त्याने ना अंतर विचारलं, ना स्पर्धेचा प्रकार. ‘नऊ पट मोठं दिसतं’ हेच पालुपद. नेम बसत नाही अशी तक्रार नेली तेव्हा मात्र दोष पोरीच्या हाताला दिला. दोष हाताचा नव्हता, आणि तो कशाचा होता हे नीट मांडणं मला भाग आहे. कारण हेच उत्तर उद्या दुसऱ्या आईबापांच्या तोंडावर फेकलं जाईल.

पहिली गोष्ट नियमांची. १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या ऑलिंपिक प्रकारांत दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक छिद्राची पीप साइट आणि पुढे कडी, एवढ्यावरच नेम धरायचा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं ते असंच. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, तीही अशीच. यावर ‘आधी दुर्बिणीवर हात बसू द्या, मग पीप लावा’ असं सांगितलं जातं. हे उलटं शिक्षण आहे. दुर्बीण नळीच्या बरीच वर बसते, त्यामुळे गाल दस्त्यावर वेगळ्या जागी टेकतो आणि पुढे ती सवय मोडावी लागते. शिवाय नऊ पटीत हाताचा कंपही नऊ पट दिसतो. शिकणारं मूल घाबरून दुर्बिणीतला काटा लक्ष्याच्या काळ्या गोलावर येताच घोडा हिसकतं. धावत्या लक्ष्याच्या स्पर्धेत दुर्बीण चालते, हे खरं. ज्याला त्यातच उतरायचं आहे त्याने ती जरूर घ्यावी. शाळेच्या स्पर्धेला निघालेल्या मुलाला तिचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट यंत्राची. मोठ्या रायफलीच्या बहुतेक दुर्बिणींतला पॅरॅलॅक्स (डोळा सरकला की काटा हलण्याचा दोष) १०० यार्डांच्या आसपासच घालवलेला असतो. १० मीटरवर चित्र धूसर होतं आणि डोळा जरा सरकला की काटा लक्ष्यावरून हलतो. बंदूक वाळूच्या पिशवीवर पक्की ठेवा, तिला हात न लावता डोळा वर-खाली, डावी-उजवीकडे न्या. काटा हलला तर ती दुर्बीण त्या अंतराची नाही. ही परीक्षा दुकानातच करता येते, आणि दुकानदाराला ती माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. त्यातून दुर्बिणीची पाव मिनिटाची (कोनाच्या मापात) एक क्लिक १० मीटरवर नेम सुमारे ०.७ मिलिमीटर सरकवते, तर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपकाच ०.५ मिलिमीटरचा असतो. ‘महागातली घेतली असती तर’ हा युक्तिवादही टिकत नाही. स्प्रिंगची छर्ऱ्याची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी धक्का देते. फक्त मागचा धक्का सोसायला बांधलेल्या दुर्बिणीचं आतलं काम, मग ती कितीही नावाजलेली असो, त्याने खिळखिळं होतं आणि मारलेले छर्रे रोज वेगळीकडे जातात.

‘स्पर्धेला नाही तर शिकारीला कामी येईल,’ असंही ऐकवलं जातं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. किनवट-माहूरकडे रानडुकरं पीक उद्ध्वस्त करतात हे दुःख खरं आहे, पण त्याला वनखात्याची लेखी परवानगी लागते. छर्ऱ्याच्या बंदुकीने मोर-पोपट टिपणं हाही गुन्हाच.

तेव्हा स्पर्धेसाठी पीप साइटच घ्या. शेतावर डब्यांवर नेम धरायची हौस असेल, तर १० मीटरपर्यंत पॅरॅलॅक्स जुळवता येणारी आणि स्प्रिंगच्या बंदुकीसाठीच बनवलेली दुर्बीण घ्या, चार पटही पुष्कळ होतात. दुर्बीण बसवायची पकड घेताना बंदुकीवरची खाच ११ मिलिमीटरची आहे का ते मोजा, आणि पकड मागे सरकू नये म्हणून अडणी असलेलीच निवडा. घाई करू नका, चार ठिकाणी चौकशी करा. आणि बिलावर ‘१० मीटरसाठी, स्प्रिंगच्या बंदुकीवर’ असं लिहून घ्या. लिहून द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून काहीही घेऊ नका.