चार रात्रींचे जहाज, चौदा दिवसांचा प्रवास
देवनहळ्ळीहून निघणाऱ्या सागरी सहलीचे मागचे-पुढचे मुक्काम

जहाजाच्या सहलीची जाहिरात नेहमी रात्रींच्या हिशेबात बोलते. ‘चार रात्री, पाच दिवस’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते, त्याखाली माणशी दर असतो आणि घरातला बेत या आकड्यांवरच ठरतो. मिरज, सांगली, बेळगाव किंवा हुबळीहून निघणाऱ्या कुटुंबाला जहाजाच्या शिडीपर्यंत पोहोचण्यास मात्र तीन-चार दिवस लागतात आणि उतरल्यावर घर गाठण्यासही जवळजवळ तितकेच. हे दिवस जाहिरातीत नसतात, घरच्या अंदाजपत्रकातही बहुधा नसतात. दगदग, आगंतुक खर्च आणि सगळी सहल हातची जाण्याचा धोका मात्र याच दिवसांत दडलेला असतो.

विमान चुकले तर पदरचे पैसे घालून का होईना, दुसरे मिळते. जहाज चुकले की सहा माणसांचे भरलेले पैसे बहुधा परत मिळत नाहीत आणि ते पुढच्या बंदरावर गाठावे म्हटले, तर व्हिसापासून सगळी तयारी नव्याने करावी लागते. बहुतेक कंपन्या जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधीच प्रवाशांना आत घेणे बंद करतात. जहाजाच्या आधीचे मुक्काम कसे ठरवायचे, हा प्रश्न म्हणूनच आधी सुरक्षिततेचा आणि नंतर प्रेक्षणीय स्थळांचा आहे.

उदाहरणादाखल मिरजेचे सहा जणांचे कुटुंब घेता येईल: आजी-आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. आजोबांच्या निवृत्तीच्या रकमेतून काही भाग बाजूला काढून सिंगापूरहून सुटणाऱ्या चार रात्रींच्या जहाजाचा बेत ठरला आहे. मुलगी बंगळूरला, शहराच्या दक्षिण भागात जयनगरात राहते. विमान बंगळूरहून आहे.

पहिला पेच येथेच पडतो. मुलीचे घर असताना विमानतळाजवळ खोली घ्यायची, हे मराठी घराला पटत नाही. लेकीकडे न उतरता परस्पर जाणे म्हणजे तिचा अपमानच, असे आजीला वाटणार. भावना खरी आहे. भूगोल मात्र तिच्या विरुद्ध आहे. 24 मे 2008 रोजी बंगळूरचे नवे विमानतळ देवनहळ्ळीला सुरू झाले आणि प्रवासी विमानांची वाहतूक शहरातल्या जुन्या एचएएल विमानतळावरून तिकडे गेली. मॅजेस्टिक या मध्यवर्ती भागापासून ते सुमारे 35 किलोमीटर उत्तरेस आहे. जयनगरहून निघालेल्या गाडीला आधी निम्मे शहर पार करावे लागते आणि मग हेब्बाळचा उड्डाणपूल. पहाटे तासाभरात होणारा हा प्रवास संध्याकाळच्या गर्दीत किंवा पावसात किती वेळ घेईल, याचा भरवसा नसतो. त्यातच आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचावे लागते. सकाळी दहाच्या विमानासाठी म्हाताऱ्या माणसांना पहाटे चारला उठवून, दोन मोटारींत सामान कोंबून निघण्यापेक्षा आदली रात्र देवनहळ्ळीत काढणे शहाणपणाचे. लेकीकडचा मुक्काम रद्द करायचा नाही, तो परतीला ठेवायचा. त्या वेळी घाई नसते आणि सांगण्यासारखे पुष्कळ असते.

सकाळचेच विमान का, याचेही कारण आहे. बंगळूर-सिंगापूर हा प्रवास साधारण साडेचार तासांचा आणि सिंगापूरचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे. म्हणजे येथे रात्री अकराला सुटलेले विमान तेथे सकाळी सहाला उतरते. हॉटेलची खोली मात्र दुपारी दोन-तीनपूर्वी मिळत नाही. रात्रभर बसून आलेल्या आजी-आजोबांनी नऊ तास कोठे काढायचे? आदल्या रात्रीपासूनचे भाडे भरून खोली अडवावी लागते आणि रात्रीच्या विमानाच्या तिकिटात वाचलेले पैसे तेथेच जातात. सकाळी दहाचे विमान संध्याकाळी पाचला पोहोचते. थेट खोली, गरम जेवण आणि झोप. दिवसाची उड्डाणे संख्येने कमी असल्याने तिकिटे लवकर काढावीत, इतकेच.

आता उलट्या क्रमाने दिवस मांडावेत. जहाज सोमवारी संध्याकाळी सुटते असे धरले, तर शनिवारी संध्याकाळी सिंगापूरला पोहोचणे योग्य. रविवार मोकळा राहतो आणि हाच दिवस या आखणीचा कणा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात देवनहळ्ळीच्या माळावर पहाटे दाट धुके उतरते आणि सकाळची विमाने रखडतात. शनिवारचे विमान अगदी रद्द झाले, तरी रविवारी पोहोचून सोमवारचे जहाज मिळते. रविवार वाया गेल्यासारखा वाटला तरी तो काढून टाकू नये.

शनिवारी सकाळचे विमान म्हणजे शुक्रवारची रात्र देवनहळ्ळीत आणि गुरुवारची रात्र रेल्वेत. मिरजेहून येणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस सकाळी बंगळूर गाठते. मुख्य स्थानकापर्यंत न जाता यशवंतपूरला उतरल्यास देवनहळ्ळीचा रस्ता जवळ पडतो आणि सकाळच्या वेळी वाहनांचा लोंढा मुख्यतः शहराकडे येत असल्याने उत्तरेकडे जाणाऱ्यास तुलनेने मोकळीक मिळते. सामानासह सहा जणांना एक मोठी मोटार बरी. एकटादुकटा प्रवासी बेंगळूरु महानगर परिवहनच्या ‘वायु वज्र’ बसने सुखाने जातो.

देवनहळ्ळी म्हणजे केवळ धावपट्टी, असा समज झाला आहे. तो गावावर अन्याय करणारा आहे. गावात किल्ला आहे. मल्लबैरेगौडाने 1501 मध्ये तो मातीचा बांधला आणि पुढे हैदरअलीच्या काळात तो दगडी झाला. अर्धवर्तुळाकार बुरूज, आतली वस्ती आणि वेणुगोपालस्वामींचे मंदिर असे सारे दोन तासांत, फारशी चढण न चढता पाहून होते. आजोबांचे गुडघे कुरकुरत नाहीत आणि मुलांना तटावर हुंदडता येते. 1749 च्या वेढ्यात हैदरअलीचे नाव प्रथम गाजले ते येथेच. किल्ल्यालगत टिपू सुलतानाच्या जन्मस्थानाची जागा दाखवतात. 1791 मध्ये हा किल्ला कॉर्नवॉलिसच्या फौजेने घेतला. त्याच युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा टिपूविरुद्ध उतरल्या होत्या. मिरजेच्या माणसाला पटवर्धन हे नाव काही परके नव्हे. नातवंडांना इतिहास सांगायला आजोबांना आयतेच निमित्त मिळते. गावचे पपनस प्रसिद्ध आहे. कन्नडमध्ये त्याला चकोत म्हणतात आणि देवनहळ्ळीच्या या फळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हंगामात मिळाले तर तेथेच खावे. ताजी फळे परदेशी नेण्याच्या भरीस पडू नये.

विमानतळावर आंतरराष्ट्रीय उड्डाणे सप्टेंबर 2023 पासून दुसऱ्या टर्मिनलवरून होतात, हे मोटारचालकाला आधीच सांगून ठेवावे. परिसरात केंपेगौडांचा 108 फुटी पुतळा उभा आहे. तो घडवणारे शिल्पकार राम सुतार धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे.

सिंगापूरच्या मुक्कामात एक युक्ती फार उपयोगी पडते: जहाजाआधी आणि जहाजानंतर एकाच हॉटेलात उतरावे. बहुतेक हॉटेले परत येणाऱ्या पाहुण्यांचे सामान सांभाळतात. जहाजावर न लागणारी एक-दोन बोचकी तेथे ठेवता येतात. अधिक महत्त्वाचे असे, की शेवटच्या दिवशी जहाज सकाळी लागते आणि नऊ-दहापर्यंत प्रवाशांना उतरावे लागते. खोली मिळेपर्यंतच्या त्या चार-पाच तासांत सामान ओळखीच्या हॉटेलात टाकून मोकळे फिरता येते. तेथे जहाजांची दोन स्थानके आहेत, एक मरिना बे येथे आणि दुसरे हार्बरफ्रंट येथे. आपले जहाज कोणत्या स्थानकावरून सुटते ते तिकिटावर पाहूनच हॉटेलचा भाग निवडावा.

रविवारी पर्यटनाचा अट्टहास नको. लिटल इंडियात फेरफटका, मुलांसाठी समुद्रकाठची बाग, संध्याकाळी लवकर जेवण, एवढे पुरे. जहाजावरून उतरल्यानंतरचा शुक्रवार आणि शनिवारची सकाळ शहर पाहण्यासाठी आहे. तेव्हा चुकण्यासारखे जहाज उरलेले नसते आणि माणसे चार दिवस विसावलेली असतात. ज्यांचे पाय चालतात त्यांनी 1827 साली स्थापन झालेले मारिअम्मन मंदिर जरूर पाहावे.

कागदपत्रांत सर्वाधिक घोटाळा व्हिसाचा होतो. जहाज सिंगापूर सोडून दुसऱ्या देशाच्या बंदराला लागते आणि परत येते. म्हणजे सिंगापुरात प्रवेश दोनदा होतो. व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे याची खात्री करावी. आगमनाचा ऑनलाइन तक्ता पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत भरायचा असतो, तो विनामूल्य आहे आणि जहाजावरून परतताना पुन्हा भरावा लागतो. वाटेतल्या बंदरांचे नियम जहाज कंपनीकडून लेखी घ्यावेत. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक उरलेली असावी.

फराळाच्या डब्याविषयी मात्र आजीशी स्पष्ट बोलावे लागेल. सिंगापुरात खसखस ही अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध वस्तू आहे. खसखस घातलेला मसाला, अनारसे, खसखस पेरलेले लाडू, सारे घरीच ठेवावे. चिवडा, चकली, भडंग यांनी भागवावे. झोपेच्या गोळ्या आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध यांवरही निर्बंध असून पूर्वपरवानगी लागू शकते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण मोठ्या बॅगा जहाजाच्या स्थानकावर जमा होतात आणि खोलीत यायला संध्याकाळ होते.

आता हिशेब. जहाजावर रात्री चार. हॉटेलच्या रात्री मात्र पाच: देवनहळ्ळीत जाताना एक, सिंगापुरात आधी दोन आणि नंतर एक, देवनहळ्ळीत परतीची एक. सहा जणांना किमान दोन खोल्या लागतात. म्हणजे दहा खोल्यांचे भाडे. जाहिरातीतला माणशी दर सहाने गुणून सहलीचा खर्च काढणाऱ्याच्या हातून ही रक्कम निसटते. जहाज कंपनी शेवटचा हप्ता प्रवासाच्या बऱ्याच आधी मागते. आवर्ती ठेव उघडायची असेल तर तिची मुदत या हप्त्याच्या तारखेआधी संपेल अशी ठेवावी, प्रस्थानाच्या तारखेआधी नव्हे. हा फरक न पाहिल्याने आजोबांची चांगल्या व्याजाची मुदत ठेव अकाली मोडावी लागते.

परदेशी सहलीचे पॅकेज घेतल्यास विक्रेता पहिल्या रुपयापासून कर गोळा करतो. हा खर्च नव्हे, विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. पण तोवर रक्कम अडकून राहते. गेल्या काही अर्थसंकल्पांत याचे दर आणि मर्यादा बदलल्या असल्याने रक्कम भरण्यापूर्वी शाखेत चौकशी करावी. परकीय चलनाच्या नोटा प्रत्येक प्रवासाला माणशी 3,000 अमेरिकी डॉलरच्या मोलापर्यंतच नेता येतात. शहरातल्या तीन दिवसांसाठी त्याहून पुष्कळ कमी पुरतात आणि उरलेले प्रवासी कार्डावर घ्यावे. जहाजावर रोकड चालत नाही. खोलीच्या खात्यावर खर्च चढतो आणि त्यासाठी कंपनी कार्डावर काही रक्कम रोखून धरते. तेथे डेबिट कार्ड दिल्यास खात्यातली खरी शिल्लक अडकते, म्हणून क्रेडिट कार्ड बरे. कार्डाचा परदेशातील वापर निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावा. दुकानदाराने ‘रुपयांत घेऊ का?’ असे विचारल्यास नकार द्यावा, कारण त्या दरात त्याचा नफा मिसळलेला असतो.

प्रवास विमा केवळ जहाजाच्या तारखांचा काढण्याची चूक सर्रास होते. तो भारतातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा असावा. आजोबांचा रक्तदाब आणि मधुमेह अर्जात न लपवता नोंदवावा आणि समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे का, ते वाचून पाहावे.

शनिवारी संध्याकाळच्या विमानाने परतल्यास देवनहळ्ळीला रात्र होते. तपासणी, सामान, चहा यांत आणखी तास जातो. तेव्हाही जयनगर गाठण्याचा हट्ट नको. रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात. उत्साही मंडळींनी त्याच पहाटे नंदी टेकडी गाठण्यास हरकत नाही; अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. मग दोन रात्री लेकीकडे. लालबाग, मुलांसाठी विश्वेश्वरय्या औद्योगिक संग्रहालय आणि एखाद्या संध्याकाळी मल्लेश्वरमचे काडु मल्लेश्वर मंदिर. त्या देवस्थानाला शिवरायांचे सावत्र बंधू एकोजी राजे यांनी गाव दान दिल्याचा 1669 चा शिलालेख आहे. शहाजी राजांच्या जहागिरीतले बंगळूर पाहायचे, तर हे ठिकाण किल्ल्याहून अधिक बोलके आहे.

मंगळवारी रात्री राणी चन्नम्मा, बुधवारी मिरज. उरलेले परकीय चलन परतल्यापासून 180 दिवसांच्या आत बँकेला विकावे; 2,000 अमेरिकी डॉलरच्या मोलापर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात.